‘मला घ्या ना’ म्हणण्याआधी: तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खेळात सामील व्हायला कसं शिकवावं

संध्याकाळी सहाच्या सुमाराला मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या कंपाउंडमध्ये हे दृश्य दिसतं. चार-पाच मुलं रंगात येऊन खेळताहेत. एक मूल आजीला चिकटून लांबून बघतंय. आजी त्याला पुढे ढकलत म्हणते, “जा ना, विचार त्यांना, मला घ्याल का म्हणून.” मूल जातं, विचारतं. उत्तर येतं, “नाही, आमचे भिडू झाले.” मूल रडत परत येतं. आजी त्या मुलांना दटावते, ती नाइलाजाने ‘घेतो’ म्हणतात आणि पाचव्या मिनिटाला हे मूल पुन्हा एकटं उभं असतं.

यात मुलाचं काही चुकलेलं नाही आणि आजीची मायाही खरी आहे. चुकलं आहे ते शिकवलेलं वाक्य. ‘मला घ्याल का?’ असं विचारलं की ‘नाही’ म्हणणं सगळ्यांत सोपं असतं. चालू खेळात शिरणं हे सायकलसारखंच सरावाने येणारं कौशल्य आहे आणि ते शिकवता येतं. त्याचीच पद्धत इथे क्रमाने दिली आहे. आई-बाबा, आजी-आजोबा, पाळणाघर चालवणाऱ्या काकू आणि बालवाडीच्या ताई यांपैकी कुणालाही ती वापरता येईल.

आधी वयाचा हिशोब

मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधक बाईंनी बालवाडीतल्या मुलांच्या खेळाचं बारकाईने निरीक्षण करून १९३२ मध्ये त्याचे प्रकार मांडले. नुसतं रेंगाळणं, दुसऱ्यांचा खेळ बघणं, एकट्याने खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, वस्तूंची देवाणघेवाण करत खेळणं आणि शेवटी ठरवून, भूमिका वाटून एकत्र खेळणं. साधारणपणे दोन-अडीच वर्षांची मुलं शेजारी शेजारी आपापलं खेळतात, तीन-चारच्या दरम्यान देवाणघेवाण सुरू होते आणि चार-पाचला ‘तू डॉक्टर, मी पेशंट’ असा बेत ठरायला लागतो.

पण ही चढायची शिडी आहे असं समजू नका. पाच वर्षांचं मूल अर्धा तास एकटं ठोकळे रचत बसलं तर ते मागे पडलेलं नाही. लांबून बघणारं मूलही रिकामं नसतं. खेळाचे नियम काय, पुढारी कोण, आत्ता कुणाचं बिनसलंय, हे सगळं ते टिपत असतं. आणि शेजारी बसून आपापलं खेळणं हा तर मोठ्या खेळात शिरण्याचा सगळ्यांत भरवशाचा दरवाजा आहे. तो कसा उघडायचा ते पुढे येईलच.

अडीच वर्षांच्या मुलाने खेळणी ‘शेअर’ करावीत ही अपेक्षा मात्र सोडून द्या. त्या वयाला ते झेपत नाही.

पहिली पायरी: तीन संध्याकाळी फक्त बघा

काही करण्याआधी तीन दिवस, रोज १५ मिनिटं, लांबच्या बाकावर बसून बघा. फोन पिशवीत ठेवा. चार गोष्टी लिहून काढा. मूल खेळापासून किती अंतरावर उभं राहतं? जवळ गेल्यावर पहिल्यांदा काय करतं किंवा बोलतं? समोरची मुलं काय उत्तर देतात? त्यानंतर ते काय करतं?

तीन दिवसांत चित्र स्पष्ट होतं. काही मुलं लांबून बघतात आणि मजेत असतात, त्यांना घाई नसते. काहींना जायचं असतं, पण कसं ते कळत नाही, म्हणून ती घुटमळत राहतात. काही थेट घुसतात, बॉल घेऊन पळतात, किल्ला मोडतात, ‘हे असं नसतंच’ म्हणून नियम बदलायला जातात. आणि कधी कधी मूल सगळं बरोबर करतं, तरी ती टोळी त्याला ठरवून बाहेर ठेवते. उपाय चौघांचे वेगळे आहेत. पहिल्याला उपायाची गरजच नाही. चौथ्या ठिकाणी मुलाला शिकवून भागत नाही, तिथे मोठ्या माणसाने टोळीशी बोलावं लागतं.

‘कुणाच्या लक्षातच न येणारं’ मूल आणि ‘सगळ्यांना नकोसं झालेलं’ मूल यांतला फरक ओळखणं फार महत्त्वाचं. समवयस्कांमधल्या स्वीकाराचा अभ्यास करणारे १९८० च्या दशकापासून या दोन गटांना वेगळं मोजतात. शांत, दुर्लक्षित मूल नव्या गटात गेलं की बरेचदा आपोआप रुळतं. मारामारी करून नावडतं झालेलं मूल नव्या गटातही तीच सवय घेऊन जातं, म्हणून त्याला लवकर मदत हवी. घरोघरी मात्र चिंता होते ती लाजऱ्या मुलाची, आणि आडदांड मुलाला ‘मुलगा आहे, चालायचंच’ म्हणून सोडून दिलं जातं. आमच्या मते हे नेमकं उलट व्हायला हवं.

आणखी एक. गटाला आपण हवेसे असणं वेगळं आणि एक सख्खा मित्र असणं वेगळं. ज्याला एक पक्का दोस्त आहे, ते मूल गटात फार पुढे नसलं तरी सुखात असतं. त्याला ‘सगळ्यांशी खेळ’ म्हणून टोचत राहू नका.

दुसरी पायरी: खेळात शिरण्याची रीत

मुलं ‘नाही’ का म्हणतात? विल्यम कोर्सारो या समाजशास्त्रज्ञाने अमेरिका आणि इटलीतल्या बालवाड्यांत वर्षानुवर्षं मुलांमध्ये बसून निरीक्षणं केली. त्यांचं म्हणणं असं, की लहान मुलांचा खेळ फार नाजूक असतो. चौघांनी मिळून मोठ्या मुश्किलीने एक खोटं-खोटं जग उभं केलेलं असतं. पाचवा आला की ते विस्कटतं, हा त्यांचा अनुभव असतो. म्हणून ती आपला खेळ राखतात. तो नकार तुमच्या मुलाला नसून व्यत्ययाला असतो. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सुचतं: खेळ न मोडता आत जायचं.

एक प्रसंग जवळून बघू. पार्किंगमधल्या दोन स्कूटरींच्या मागे चार मुलांनी हॉटेल मांडलंय. विटेच्या तुकड्यावर मातीची इडली, बदामाच्या पानाची प्लेट, नारळाच्या करवंटीत ‘सांबार’. एक मुलगी मालक, एक आचारी, दोघं गिऱ्हाईक. तुमच्या मुलीला आत जायचंय.

आधी ती जवळ जाऊन थांबेल, दोन-तीन हातांवर. त्याहून लांब राहिली तर कुणाला दिसणार नाही, त्याहून जवळ गेली तर अंगावर आल्यासारखं वाटेल. मिनिटभर नुसतं बघेल: काय चाललंय, कशाची कमी आहे. मग शेजारीच बसून तेच काम स्वतः सुरू करेल. माती घेऊन एक इडली थापेल. बोलायचं काही नाही. इथे अर्धं काम झालं, कारण आता ती परकी राहिली नाही, तीही इडलीवालीच आहे. त्यानंतर एकच वाक्य, तेही खेळाबद्दल: “चटणी संपली का? मी हिरवी चटणी आणते.” आणि पानं चुरडून घेऊन येईल. बहुतेक वेळा आचारी म्हणतो, “इथे ठेव.” झालं.

या वाक्यात ‘मला’ नाही आणि प्रश्न असला तरी परवानगीचा नाही. घुटमळणाऱ्या मुलांची वाक्यं बहुधा स्वतःबद्दल असतात: ‘माझ्याकडे पण किचन सेट आहे’, ‘मला इडली आवडत नाही’, ‘माझे पप्पा खऱ्या हॉटेलात नेतात’. खेळाचा धागा तुटतो आणि सगळे एकमेकांकडे बघतात. मालकाची जागा मागणं हा दुसरा हमखास फसणारा मार्ग. जी जागा रिकामी आहे ती घ्यावी: पार्सल न्यायला आलेला माणूस, गॅस सिलिंडरवाला, भाजीवाली. पकडापकडीसारख्या पळापळीच्या खेळात बाजूने त्यांच्याच दिशेने पळायला लागणं हीच चटणी.

तरीही पहिल्या वेळी नकार येऊ शकतो. सगळ्यांना आवडणाऱ्या मुलांनाही तो येतो. फरक इतकाच, की ती मुलं तिथेच जरा वेळ रेंगाळतात आणि दुसरं काहीतरी घेऊन पुन्हा येतात. म्हणून मुलाला आधीच सांगून ठेवा: “नाही म्हणाले तर शेजारीच आपली इडली कर आणि थोड्या वेळाने परत काहीतरी घेऊन जा. दोनदा झालं की दुसरा खेळ शोधू.”

याचा सराव घरी करायचा. रोज पाच-सात मिनिटं, भातुकली किंवा गाड्या घेऊन. तुम्ही आणि ताई-दादा मिळून ‘टोळी’ व्हा, मूल बाहेरून येईल. मग अदलाबदल करा, तुम्ही बाहेरून या आणि मुद्दाम चुकीचं शिरा: ठोकळे पाडा, ‘मी मालक’ म्हणा. मूल स्वतःच सांगेल की असं नाही करायचं. तीन-चार दिवस सराव झाल्यावरच मैदानात उतरवा. खाली जाताना लिफ्टमध्ये उजळणी घेऊ नका, परीक्षेला निघाल्यासारखं होतं.

आडदांड मुलासाठी हीच रीत वापरा, फक्त ‘थांबून बघणं’ जास्त घोटवा. शिवाय अशा मुलांना पुष्कळदा प्रत्येक धक्का मुद्दाम मारलेला वाटतो. त्यासाठी ‘मुद्दाम की चुकून?’ हा खेळ चांगला. पाणी सांडणं, पाय लागणं, ठोकळे पडणं असे प्रसंग बाहुल्यांकडून घडवा आणि विचारा: मुद्दाम की चुकून? कशावरून? आठवड्यातून तीन-चार वेळा.

तिसरी पायरी: एकच पाहुणा, एकच तास

टोळीत रुळायचा जवळचा रस्ता त्या टोळीतल्या एकाशी गट्टी होण्यातून जातो. म्हणून घरी एकाच मुलाला बोलवा. दोघांना बोलावलंत की त्या दोघांची जोडी जमते आणि घरचं मूल स्वतःच्याच घरात तिसरं ठरतं.

निवड करताना बिल्डिंगमधल्या सगळ्यांत लाडक्या मुलाच्या मागे जाऊ नका. शांत स्वभावाचं, वय थोडं कमी असलं तरी चालेल, असं मूल निवडा. स्वतःपेक्षा लहान भिडूबरोबर लाजऱ्या मुलाला पुढाकार घ्यायची संधी मिळते. वेळ ४५ ते ६० मिनिटं. आठवड्यातून एकदा, तेच मूल, निदान पाच-सहा आठवडे.

वन रूम किचनमध्ये जागा कुठली, हा प्रश्न खरा आहे. एक चटई पुरते. चटई अंथरली की ‘हे आपलं घर’ आणि तिच्या बाहेर आजोबांची बातमीपत्रं सुखाने चालू दे. मात्र आवाज बंद हवा आणि टीव्ही मुलांच्या नजरेसमोर नको, नाहीतर खेळ जमत नाही. चाळीतली गॅलरी तर याहून उत्तम, फक्त कठड्याजवळ चढायला स्टूल, खुर्ची किंवा बादली ठेवू नका.

पाहुणा येण्याआधी मुलाला विचारून त्याची जिवापाड आवडती दोन-तीन खेळणी कपाटात ठेवून द्या. बाहेर ठेवायच्या वस्तू दोघांना पुरतील अशा हव्यात: दोन गाड्या, दोन पोळपाट. याहून बरं म्हणजे कणकेचा खेळ. २ वाट्या मैदा किंवा कणीक, १ वाटी मीठ, २ चमचे तेल आणि अंदाज घेत पाऊण ते १ वाटी पाणी. रंगाला हळद. पाणी एकदम ओतलंत तर गोळा हाताला चिकटतो, मग मूठभर पीठ अजून घाला. पावसाळ्यात मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि गोळा पाझरतो, म्हणून घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. चार-पाच दिवसांनी टाकून द्या. बोटाला जखम असेल तर मीठ झोंबतं आणि तोंडात घालायचं नाही हे दोघांना आधी सांगा.

सुरुवातीची दहा मिनिटं तुम्ही चटईवर बसा, पोळ्या लाटा. खेळ लागला की उठून कामाला लागा, पण कान तिकडे असू द्या. साधारण अर्ध्या तासाने खेळ ढिला पडतो. खाऊ तेव्हा द्यायचा, आल्या आल्या नाही. शेंगदाणे, अंडं, दूध चालतं ना, हे त्याच्या आईला विचारून ठेवा. आणि खेळ रंगात असतानाच आवरा. भांडण होऊन संपलेली भेट पुढच्या भेटीच्या आड येते.

चौथी पायरी: खेळ निवडताना

आपल्या गल्लीतल्या खेळांत एक फार सुंदर सोय होती आणि अजूनही आहे: लिंबूटिंबू. मुंबईत पुष्कळ ठिकाणी ‘कच्चा लिंबू’ म्हणतात. लहान मूल सगळ्यांबरोबर पळतं, पण आऊट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. खेळ मोडत नाही आणि मूल आत असतं. मोठ्या मुलांना “याला लिंबूटिंबू घ्या” एवढंच सांगा. साडेपाच-सहाच्या पुढे मात्र हा शिक्का अपमान वाटायला लागतो. “आता तुझ्यावर एकदा राज्य घ्यायचं का?” असं विचारून पक्का भिडू करा.

खेळाच्या रचनेतच कधी कधी कुणीतरी वगळलं जातं. संगीत खुर्ची घ्या. ज्याला सरावाची सगळ्यांत जास्त गरज, तोच पहिल्या फेरीत बाहेर बसतो. पाच वर्षांखालच्यांसाठी खुर्च्यांऐवजी वर्तमानपत्रं अंथरा. प्रत्येक फेरीला एक कागद कमी करा, पण मूल कमी करू नका. शेवटी दोन कागदांवर आठ जण एकमेकांना धरून उभे राहतात. फरशी गुळगुळीत असेल तर कागद सरकतो, त्यामुळे तिथे खडूने चौकोन काढा.

‘मामाचं पत्र हरवलं’मध्ये याहून नाजूक गोष्ट घडते. नावडत्या मुलाच्या मागे रुमाल कधी पडतच नाही आणि ते मूल पुनःपुन्हा मागे हात फिरवून बघत राहतं. पाठ वळवून बसलेल्या त्या मुलाला काय वाटत असेल याचा विचार करा. नियम सोपा करा: ज्याला एकदा पत्र मिळालं त्याने हाताची घडी घालून बसायचं, पत्र उघड्या हाताच्याच मागे टाकायचं. सगळ्यांची पाळी येते.

विषामृत या कामासाठी फार गुणाचा. राज्य असणाऱ्याने ‘विष’ दिलं की पुतळा, भिडूने ‘अमृत’ दिलं की सुटका. सोडवायला दुसरा यावाच लागतो आणि सोडवलेल्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो. सहा ते आठ मुलं, एकावर राज्य, साधारण वीस फूट बाय वीस फुटांची मोकळी जागा. चार वर्षांची मुलं पुतळा व्हायचं विसरतात, म्हणून ‘दोन्ही हात वर’ अशी खूण द्या. तीन मिनिटांनी राज्य बदला, नाहीतर हळू पळणारं मूल राज्य घेऊन रडकुंडीला येतं.

संघ पाडताना दोन कप्तानांनी एकेक भिडू मागून घ्यायची पद्धत या वयात नको. शेवटी उरलेलं मूल रोज तेच असतं. चकून घ्या किंवा दोन रंगांच्या चिठ्ठ्या काढा.

मुंबईत कंपाउंडमध्ये मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी असा सगळा मेळ असतो. घरी एकच भाषा ऐकलेल्या मुलाला पाच वाक्यं पाठ असली की पुष्कळ काम होतं: ‘मेरी बारी’, ‘तू ले’, ‘रुको’, ‘टाइम प्लीज’, ‘मी पण येतो’. सुरुवात पळापळीच्या खेळांनी करा, त्यात बोलावं कमी लागतं.

पावसाळ्याचे चार महिने ही टोळी पांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी असावीत आणि बसून स्क्रीन बघणं एका तासाच्या आत राहावं. तेव्हा सोसायटीच्या हॉलमध्ये ठरावीक वेळ मागून घ्या. गाड्या चालू असलेल्या पार्किंगमध्ये लपाछपी नको. मागे येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला लहान मूल दिसत नाही.

भांडण झालं की

मारणं, चावणं, दगड उचलणं असेल तर लगेच मध्ये पडा. एरवी मनात दहा अंक मोजा. पुष्कळ भांडणं आठव्या अंकाला मिटतात. नाही मिटलं तर जाऊन मुलांच्या उंचीला बसा. भांडणाची वस्तू आपल्या हातात घ्या, म्हणजे ओढाओढ थांबते. मग जे दिसतंय ते बोला: “तुलाही लाल गाडी हवी, त्यालाही. गाडी एकच आहे. आता काय करायचं?” आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यांत कठीण जातं. त्यांनी काढलेला तोडगा तुम्हाला अन्यायाचा वाटला, पण दोघांना पटला, तर तोच ठेवा.

जबरदस्तीने ‘सॉरी’ म्हणायला लावू नका. त्याऐवजी काम द्या: पाणी आणून दे, पडलेले ठोकळे पुन्हा लाव. चार वर्षांचं मूल ‘तू माझा फ्रेंड नाहीस’ म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ बहुधा ‘आत्ता मला राग आलाय’ एवढाच असतो. कट्टीची बट्टी खाऊ खाईपर्यंत होते. तोवर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर गेला असेल तर मात्र मोठ्यांची कट्टी महिनोन् महिने चालते आणि मुलं विनाकारण तुटतात.

बालवाडीच्या ताईंसाठी

तुम्ही ज्या सुरात एखाद्या मुलाला हाक मारता, त्याच सुरात वर्ग त्याच्याशी वागतो. ‘मारकुटा’, ‘रडूबाई’ ही नावं वर्गात एकदा उच्चारली गेली की पुसायला वर्ष जातं. उलट “अरे, याने बघा पूल कसा टिकवला, विचारा त्याला” एवढ्या एका वाक्याने चार मुलं तिकडे सरकतात.

मोकळ्या खेळाला सलग ३० ते ४० मिनिटं द्या. पंधरा मिनिटांत भूमिका वाटून होईपर्यंतच घंटा होते. एकट्याने उचलता न येणाऱ्या वस्तू ठेवा: लांब फळी, मोठं खोकं, चादर. साहित्य महाग लागत नाही. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली. त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्या कामात शिंपले, खडे, बिया, पानं हीच खेळणी होती. ‘तुझ्याशी कोण खेळत नाही?’ असं मुलांना वर्गात विचारू नका. कोण एकटं पडतं ते तुमच्या वहीत टिपा आणि त्याला शांत जोडीदार देऊन दोन-तीन आठवडे एकत्र काम द्या: डबे वाटणं, चटया गोळा करणं.

मदत कधी घ्यावी

हाक मारली तरी बघत नाही, तीन वर्षं उलटूनही खोटं-खोटं खेळत नाही, येत असलेले शब्द बोलणं बंद झालं, इतर मुलांची दखलच घेत नाही, असं असेल तर ‘उशिरा बोलेल’ म्हणून थांबू नका. आधी ऐकू येतं का ते तपासा, मग बालविकासतज्ज्ञांना दाखवा. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांच्या बालरोग विभागातही विचारता येतं. महिनाभर रोज शाळेच्या वेळेलाच पोट दुखत असेल, किंवा सराव करूनही मारणं-चावणं कमी होत नसेल, तरीही दाखवा.

आणि रात्री झोपताना ‘आज तुझ्याशी कोण खेळलं?’ हा प्रश्न टाळा. ज्या दिवशी कुणी खेळलेलं नसतं त्या दिवशी मुलाला त्याचं उत्तर द्यावं लागतं. ‘आज खाली कुठला खेळ चालला होता?’ असं विचारा. जे लांबून बघत होतं, त्याच्याकडेही याचं भरपूर उत्तर असतं: हॉटेल होतं, चटणी संपली होती, आणि उद्या सिलिंडर आणायचाय.